पुलिकतचं वाळूचं बेट : तोंड उघडं तर गाव उभं

मंडळी, आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै बंदी असते, तेव्हा पूर्वेच्या किनाऱ्यावर बोटी परत दर्यात गेलेल्या असतात. त्यांची बंदी १५ एप्रिल ते १४ जून. पाऊस वेगळा, वारा वेगळा, समुद्रही वेगळा. पण दुखणी बरीचशी एकच. आपल्या संस्थेच्या बैठकीत दर वर्षी एक विषय निघतोच. नदीच्या तोंडावर वाळू साचते, सुकतीला बोट टेकते, भरतीची वाट बघत बाहेर थांबावं लागतं. हाच विषय ज्या गावांच्या जिवावर उठला आहे, अशा एका जागेची माहिती आज देत आहोत. ती जागा म्हणजे तमिळनाडू आणि आंध्र प्रदेशाच्या सीमेवरचं पुलिकत सरोवर आणि त्याच्या समोरचं वाळूचं बेट.

या बेटाचं नाव आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे : श्रीहरिकोटा. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ तिथूनच उडालं. रॉकेट सगळ्यांनी बघितलं. ते ज्या वाळूवरून उडालं त्या वाळूबद्दल, आणि तिच्या मागच्या पाण्यावर जगणाऱ्या माणसांबद्दल मात्र कोणी फारसं बोलत नाही.

वाळूचं बेट म्हणजे काय

आपल्या किनाऱ्यावर डोंगर समुद्रापर्यंत आलेला आहे. खडक आहेत, मध्ये खाड्या आहेत. पूर्वेला तसं नाही. तिथे जमीन सपाट आणि किनारा उथळ. लाटा आणि प्रवाह वाळू आणून किनाऱ्याला समांतर टाकतात. हजारो वर्षं हे चाललं की वाळूची एक लांब पट्टी पाण्याबाहेर येते. पट्टीच्या पलीकडे दर्या, अलीकडे शांत उथळ पाणी. म्हणजे समुद्राने स्वतःच घातलेला बांध.

पुलिकत सरोवर असंच बनलं आहे. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे ६० किलोमीटर. ओरिसाच्या चिलिकानंतर खाऱ्या-गोड्या पाण्याचं देशातलं दुसरं मोठं सरोवर. बराचसा भाग आंध्रात, दक्षिणेचं टोक तमिळनाडूत. खोली बहुतेक ठिकाणी माणसाच्या छातीएवढीसुद्धा नाही. दक्षिणेकडून अरणी नदी येते, वायव्येकडून कालंगी, उत्तरेकडून स्वर्णमुखीचं पाणी. इंग्रजांनी खोदलेला बकिंगहॅम कालवाही यातूनच जातो.

हा बांध वाळूचा आहे हे विसरून चालत नाही. वाळू एका जागी बसत नाही. लाट तिला रोज थोडी इकडून तिकडे नेते, वादळ एका रात्रीत नेतं. एका बाजूने झिजतं, दुसऱ्या बाजूने भरतं. बेट टिकतं ते असं हलत राहूनच. पुढच्या सगळ्या गोष्टी समजायच्या तर एवढं लक्षात ठेवावं लागेल.

तोंडाची किंमत

बांधाला तोंड असतं. पुलिकतचं मुख्य तोंड दक्षिणेला, पळवेरकाडू गावाजवळ आहे. पुलिकतचं तमिळ नाव हेच. या तोंडातून भरतीचं पाणी आत येतं आणि ओहोटीचं बाहेर जातं. बोटींना जायला-यायला वाट तीच.

वाट फक्त बोटींची नाही. आपल्या बायांना बाजारात जास्तीत जास्त पैसे मिळवून देणारं सुंगट घ्या. पांढरं सुंगट अंडी घालतं समुद्रात. त्याची पिल्लं, नखाएवढीही नसलेली, भरतीबरोबर सरोवरात शिरतात. आत पाणी उथळ, गवत, गाळ, खायला भरपूर, मोठे मासे कमी. काही महिने तिथे वाढतात आणि मग ओहोटीच्या जोराबरोबर परत समुद्राकडे निघतात. शेवटे, काही जातींचे खेकडे यांचंही असंच काही ना काही येणं-जाणं आहे. आपल्या खाड्यांत आणि खाजनात हेच घडतं, म्हणून ते वेगळं सांगायला नको.

आता विचार करा, तोंड बंद झालं तर काय होईल. पिल्लं आत येणार नाहीत. आत असलेलं पाणी उन्हाने आटेल, खारटपणा वाढेल. आतला मासा आतच मरेल. समुद्रातल्या बोटीला सुंगट कमी मिळेल, कारण आतून वाढून बाहेर येणारं पीकच आलं नाही. म्हणजे एका तोंडावर आतला पागवाला आणि बाहेरचा बोटवाला दोघांचंही पोट आहे.

पुलिकतला हे तोंड उन्हाळ्यात भरतं. कारण साधं आहे. त्यांचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. तेव्हा नद्यांचं पाणी जोराने बाहेर पडतं आणि तोंड धुऊन काढतं. नंतर नद्या आटतात, आतून जोर राहत नाही, आणि लाट बाहेरून वाळू आणून टाकत राहते. पूर्वीही असं व्हायचं. पण नद्यांचं पाणी वरच्या वर अडलं की तोंड धुवायला पुरेसा जोर उरत नाही आणि भरलेलं तोंड लवकर उघडत नाही.

ज्याच्या हाती तोंड

या तोंडाची किंमत सगळ्यात आधी मासेमाऱ्यांना कळली आणि त्यांच्यामागून व्यापाऱ्यांना. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज इथे येऊन पोचले होते. पुढे डच आले. १६१३ मध्ये त्यांनी पळवेरकाडूला गेल्ड्रिया नावाचा किल्ला पुरा केला आणि चोळमंडल किनाऱ्यावरचा त्यांचा कारभार १६९० पर्यंत मुख्यतः तिथून चालला. पुलिकतचं चौकड्यांचं कापड, रुमाल, लुंग्या जहाजं भरभरून जायच्या. बंदुकीची दारूही तिथे बनायची.

कापडाबरोबर माणसंही गेली. सतराव्या शतकात डचांनी या किनाऱ्यावरून हजारो लोक गुलाम म्हणून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला नेले. दुष्काळात आणि लढायांत ज्यांचा कोणी वाली राहिला नाही, तेच लोक यात सापडले. हे पळवेरकाडूच्या वाळूने बघितलं आहे.

याच डचांनी त्याच शतकात आमच्या मांडवीच्या तोंडाबाहेर जहाजं उभी करून पोर्तुगिजांची कोंडी केली होती. नदीचं तोंड अडवलं की बंदराचा श्वास अडतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. १८२५ मध्ये पुलिकत इंग्रजांकडे गेलं, तोवर मद्रास मोठं झालं होतं आणि पुलिकतचा व्यापार उतरला होता. आज किल्ल्याच्या जागी खंदकाच्या खुणा आणि झुडपं आहेत. डचांची दफनभूमी मात्र राखलेली आहे. तिच्या दगडांवरचं कोरीव काम बघायला लोक जातात. राजवटी आल्या आणि गेल्या. मासेमार तिथेच राहिला, कारण त्याचं पोट मासळीवर होतं.

पाडू : पाळीने मासेमारी

आपल्या सभासदांनी नीट वाचावा असा भाग हा आहे.

सरोवरात सगळीकडे सारखं सुंगट मिळत नाही. तोंडाजवळच्या वाहत्या पाण्यात, जिथून सुंगट बाहेर जायला निघतं, तिथे खुंट मारून जाळं लावलं तर भरपूर मिळतं. अशा जागा मोजक्या. जाळी मात्र अनेकांकडे. मग रोज भांडण व्हायला हवं. पळवेरकाडूच्या पट्टिणवर समाजाच्या गावांनी यावर तोडगा काढला, त्याला म्हणतात 'पाडू'.

पाडूमध्ये जागा कोणाच्या मालकीची नसते. पाळी असते. आधी गावांमध्ये पाळी ठरते, मग गावातल्या नावांमध्ये. ज्याची पाळी, त्याने त्या जागेवर जाळं लावायचं. ज्याची पाळी नाही, त्याने दुसरीकडे जायचं नाहीतर घरी जाळी विणायची. चांगली जागा आज तुला, उद्या मला. त्यामुळे नशीबवान कोण आणि दुर्दैवी कोण हा प्रश्न वर्षभरात आपोआप सपाट होतो. कोणी दांडगाई केली तर गावची पंचायत दंड करते. सरकारी कागद नाही, शिक्का नाही, तरी पिढ्यान् पिढ्या चाललं.

आपल्याकडच्या रांपणीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा आणि दोरीला हात लावलेल्या प्रत्येकाचा वाटा. पद्धत वेगळी, पण मागची समजूत एकच : दर्या सगळ्यांचा आहे तर हिशोबही सगळ्यांचा हवा.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. पाडूची यादी जातीवर आणि गावावर बांधलेली आहे. त्या गावातला, त्या समाजातला, लग्न झालेला पुरुष असेल तरच नाव लागतं. सरोवरात मासेमारी करणारे इतर समाजाचे लोक आहेत. इरुळर आदिवासी स्त्री-पुरुष उथळ पाण्यात बसून हाताने चाचपून सुंगटं धरतात. यांना तोंडाजवळच्या चांगल्या जागेवर पाळी नाही. सुंगटाला परदेशी बाजारात भाव आल्यावर नवीन लोक या धंद्यात आले आणि तंटे वाढले. प्रकरणं पोलिसांपर्यंत आणि कोर्टापर्यंत गेली. यादीतल्यांना वाटतं की यादी वाढवली तर पाळी महिनोन् महिने येणारच नाही. बाहेरच्यांना वाटतं की पाणी कोणाच्या बापाचं नाही. दोघांचंही म्हणणं खोटं नाही.

वाटून खायची कितीही चांगली पद्धत असली तरी वाटायला काही हवं ना? पाण्यात सुंगटच उरलं नाही तर पाळी कोणाचीही असो, जाळं रिकामंच येणार. आणि सुंगट किती येणार हे ठरतं तोंडावर. म्हणून पाडूचा खरा शत्रू शेजारचं गाव नाही, भरत चाललेलं तोंड आहे.

वाळू अडवली की काय होतं

ही वाळू येते कुठून? पूर्व किनाऱ्यावर वर्षातला मोठा काळ लाटा दक्षिणेकडून तिरप्या येतात आणि वाळू उत्तरेला ढकलतात. थंडीत थोडी उलटी जाते, पण वर्षाचा हिशोब केला तर वाळू उत्तरेकडेच सरकते. या वाटेत दगडी बांध घातला की दक्षिण बाजूला वाळू साचते आणि उत्तर बाजू उपाशी राहते.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण चेन्नई. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे बंदराच्या भिंती बांधल्या. दक्षिणेला वाळू साचून मरीना बीच रुंद होत गेला, आज लाखो लोक तिथे फिरायला येतात. उत्तरेला रोयापुरमची मासेमारांची वस्ती समुद्र खात गेला आणि तिथे दगडांच्या राशी टाकाव्या लागल्या. एकाच भिंतीने एका बाजूला बाग केली, दुसऱ्या बाजूला खड्डा.

त्याच किनाऱ्यावर चेन्नईच्या उत्तरेला २००१ मध्ये एन्नोर बंदर सुरू झालं. त्यानंतर काटुपल्लीचं बंदर झालं. काटुपल्ली हेही वाळूचंच बेट : एका बाजूला दर्या, दुसऱ्या बाजूला खाडी आणि बकिंगहॅम कालवा. या बंदरांच्या उत्तरेला किनारा झिजल्याच्या तक्रारी मासेमार वर्षानुवर्षं करत आहेत. काटुपल्ली बंदर ३३० एकरांवरून ६,१११ एकरांपर्यंत वाढवायचा प्रस्ताव आला, तेव्हा पुलिकतपर्यंतच्या गावांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं असं की ही बारीक पट्टी तुटली तर समुद्र सरळ सरोवरात शिरेल. एन्नोरच्या खाडीत औष्णिक वीज केंद्राची राख साचलेली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळाच्या पुरात तेलाचा तवंग याच खाडीत पसरला, तेव्हा होड्या, जाळी, खेकडे सगळं काळं झालं. काळं पाणी डब्यांनी उपसायला शेवटी मासेमारच उतरले.

आम्हाला बंदर नको, विकास नको, असं त्या गावांचं म्हणणं नाही, आणि आमचंही नाही. बंदरं लागतात. आपल्या मासळीच्या पेट्याही बंदरातूनच जातात. पण वाळूची वाट कुठे अडते आणि त्याची किंमत कोण भरतो, हा प्रश्न भिंत बांधायच्या आधी विचारला पाहिजे. नंतर विचारून वाळू परत येत नाही.

रॉकेटचं बेट

श्रीहरिकोट्याची निवड १९६९ मध्ये झाली. पूर्वेला मोकळा समुद्र, वस्ती विरळ, म्हणून. ९ ऑक्टोबर १९७१ रोजी तिथून पहिलं छोटं रॉकेट उडालं. बेटावर यानादी आदिवासी राहायचे : मध, चिंच, कंदमुळं, मासे यांवर जगणारे. मासेमारांची वस्तीही होती. केंद्र झालं तसं लोकांना हलवण्यात आलं. आजही रॉकेट उडायचं असतं तेव्हा ठरलेल्या भागात बोटी न्यायला बंदी असते.

याचा एक उलटा फायदाही झाला. माणसांची ये-जा बंद झाल्याने बेटावरचं जुनं जंगल बऱ्यापैकी राहिलं. किनाऱ्यावरची अशी सदाहरित झाडी पूर्वेला फार थोड्या ठिकाणी उरली आहे. पण सुलुरुपेटाहून बेटावर जाणारा रस्ता सरोवराच्या पाण्यात भराव घालून नेलेला आहे. त्याने उत्तरेकडच्या पाण्याचं येणं-जाणं अडलं, तो भाग लवकर आटतो, असं अभ्यासकही सांगतात. थंडीत सरोवरात रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे थवे उतरतात. सुलुरुपेटाला त्यांचा उत्सव भरतो, पर्यटक येतात. पक्ष्याला उथळ पाणी लागतं, माशाला वाहतं पाणी लागतं. दोघांनाही कोरडा चिखल चालत नाही.

उपाय आहे का

तोंड खोदून उघडता येतं. चिलिकाने ते करून दाखवलं. तिथलं तोंड सरकत सरकत लांब गेलं होतं, पाणी गोडं होत चाललं होतं, मासळी घटली होती. सप्टेंबर २००० मध्ये सरोवराच्या जवळ नवीन तोंड खोदलं. १९९९-२००० मध्ये सुमारे १,७०० टन असलेली मासळी २००१-०२ मध्ये ११ हजार टनांच्या वर गेली. आपल्या बोटींवर ओरिसाचे खलाशी आहेत. त्यांच्यातला कोणी चिलिकाकडचा असेल तर त्याला विचारा.

पण नुसतं खोदून भागत नाही. वाळू परत येतेच. पुलिकतला तोंडाच्या दोन्ही बाजूंना दगडी बांध घालायचं काम तमिळनाडू सरकारने हाती घेतलं आहे. बोटवाल्यांची ही जुनी मागणी होती, आणि त्यांना सुटकेचा श्वास मिळावा असं आम्हालाही वाटतं. तरी वर सांगितलेला नियम इथेही लागू आहे : बांधाच्या उत्तरेला वाळू कमी पडणार. तेव्हा दक्षिणेला साचलेली वाळू उचलून उत्तरेला टाकत राहणं हे कामही बांधाबरोबरच करावं लागतं, आणि ते एकदा करून संपत नाही, दर वर्षी करावं लागतं. फीत कापायला सगळे येतात. दर वर्षी वाळू उचलायला कोण येतो ते बघायचं.

आपण यातून काय घ्यायचं

पुलिकत आणि गोव्याचं नातं फक्त पोर्तुगिजांचं नाही. १९७८ मध्ये देशभरच्या पारंपरिक मासेमारांची संघटना मद्रासला उभी राहिली, तिचे पहिले अध्यक्ष आपले गोव्याचे माथानी साल्ढाणा. रांपणकारांची लढाई तेव्हा इथे पेटलेली होती. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याचे मासेमार तेव्हापासून एकमेकांच्या उभे राहण्याने उभे आहेत.

आपल्या किनाऱ्यावर पुलिकतसारखं लांब बेट नाही. पण बेतूलला साळ नदीचं तोंड आहे, शापोऱ्याचं आहे, मांडवीबाहेर आग्वादचा बार आहे. प्रत्येक तोंडावर वाळू सरकते. धक्का, बांध, मरिना, हॉटेलसाठी भराव यांपैकी काहीही आलं की वाळूची वाट बदलते. मग सुनावणी होते. सुनावणीत त्यांच्याकडे नकाशे असतात, आलेख असतात. आपल्याकडे 'पूर्वी इथे पाणी खोल होतं' एवढंच असतं. बोलणं खरं असलं तरी कागदावर येत नाही म्हणून वाया जातं.

पाडू पिढ्यान् पिढ्या चालली, कारण प्रत्येकाचं नाव यादीत होतं आणि पाळीचा हिशोब ठेवलेला होता. आपणही आपल्या तोंडाचा हिशोब ठेवायला हवा. म्हणून संस्थेने ठरवलं आहे की या मोसमापासून एक वही ठेवायची. प्रत्येक पुनवेला आणि अवसेला सुकतीच्या वेळी तोंडावर पाणी किती, हे काठीने मोजून लिहायचं. बार कुठे सरकला, कोणत्या बाजूला वाळू वाढली, बोट टेकली का, किती वेळ थांबावं लागलं, हेही लिहायचं. जमेल तिथे एकाच जागेवर उभं राहून मोबाईलने फोटो काढायचा. मोजायचं काम पाळीने. दर पंधरवड्याला एका बोटीची पाळी, यादी कार्यालयात लावू.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. तोंड आधी कुठे होतं, कोणत्या वर्षी सरकलं, कोणत्या पावसात उघडलं, पोरपणी सुंगटं कुठे मिळायची. आयांना आणि आज्यांना जास्त विचारा. खाडीत तिसऱ्या, कालवं वेचणाऱ्या बायकांना पाणी किती उतरलं हे तांडेलापेक्षा जास्त माहीत असतं. जे सांगतील ते पुढच्या मासिक बैठकीत घेऊन या, नाहीतर इथेच खाली लिहा. नावासकट वहीत उतरवून घेऊ.

पाच वर्षांनी कोणी बांध घालायला आला, तर आपण रिकाम्या हाताने उभे राहणार नाही. वही पुढे ठेवू.

— सचिव, आपली संस्था